सॅडलबॅग: काढता येणाऱ्या घ्याव्यात की कायमच्या बसवाव्यात?

लांबचा_पल्ला

सॅडलबॅग म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या बॅगा. गेले तीन आठवडे याच एका प्रश्नावर अडकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी गाडी मध्यम वजनाची क्रूझर मोटरसायकल. मागचे दोन्ही शॉकॅब्सॉर्बर बाहेर, उजव्या बाजूला एकावर एक दोन सायलेन्सर. रोज कामावर जाणं हिच्यावरच, आणि वर्षातून चार-पाच मोठे प्रवास. त्यातले निम्मे मागे कुणीतरी बसलेलं असताना. आतापर्यंत सीटवरून टाकायच्या मऊ बॅगांवर भागवलं. गेल्या प्रवासात उजव्या बॅगेचा खालचा कोपरा सायलेन्सरला टेकला. वास आला म्हणून थांबले, तर कापड मेणासारखं ओघळून पाइपावर चिकटलेलं आणि आतल्या रेनकोटच्या पँटला नाण्याएवढं भोक. निघताना पट्टे मी स्वतः आवळले होते. पण भरलेली बॅग तासन्‌तास खड्ड्यांवरून आपटत राहिली की बकलमधून पट्टा केसाकेसाने सरकत जातो, हे तेव्हा कळलं.

आता कडक बॅगा घ्यायच्या, एवढं ठरलं आहे. पण किल्ली फिरवली की हातात येणाऱ्या घ्याव्यात, की बोल्ट मारून गाडीलाच बसवून टाकाव्यात? मुक्कामी पोचल्यावर सगळं सामान खोलीत न्यायला लागतं, तेव्हा पहिल्या बऱ्या वाटतात. रोजच्या वापराचा विचार केला की दुसऱ्या. ज्यांनी दोन्ही वापरल्या आहेत त्यांचं मत हवं आहे.

संथ_गियर

कायमच्या. अकरा वर्षं झाली, एकदाही पस्तावलो नाही.

रेनकोट, पंक्चर किट, हवेचा छोटा पंप, हातमोज्यांचा जास्तीचा जोड, पाण्याची बाटली. हे सगळं कायम गाडीवर असतं. निघताना बॅग लावू की नको हा विचारच करावा लागत नाही. काढता येणाऱ्या बॅगा असणारे माझे दोन मित्र आहेत. पाऊस लागतो तेव्हा त्यांच्या बॅगा नेमक्या घरी असतात.

चाकोरीबाहेर

मी याच्या अगदी उलट सांगणार. काढता येणाऱ्याच घ्या.

दोन रिकामे ॲल्युमिनियमचे डबे आणि त्यांचे रॅक मिळून सहज १५ किलो भरतात. वर्षातले तीनशे दिवस हे वजन मागच्या चाकाच्या बाजूला टांगून का फिरायचं? डबे रिकामे असले तरी वारा तेवढाच अडतो, आडवा वारा तेवढाच ढकलतो. मी घरी पोचलो की पाच मिनिटांत दोन्ही बॅगा खाली, आणि गाडी पुन्हा सडपातळ. गर्दीतून काढताना, अरुंद जागेत लावताना, धुताना, चेन साफ करताना हा फरक रोज जाणवतो.

ग्रीसचे_हात

दोघांचंही त्यांच्या त्यांच्या गाडीपुरतं बरोबर आहे. गाड्या दुरुस्त करणं हाच माझा धंदा असल्याने दोन्ही प्रकार रोज उघडतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

‘कायमची’ या शब्दाने फसू नका. हार्लेच्या रोड किंग, स्ट्रीट ग्लाइड या टूरिंग गाड्यांच्या बॅगा सगळे कायमच्या म्हणतात. पण त्यांचं झाकण उघडून आत बघा, प्रत्येक बॅगेला तारेची कडी असलेले दोन स्क्रू दिसतील. कडी उचलायची, पाव फेरा द्यायचा, की बॅग खालच्या रबराच्या टेकूवरून वर उचलून निघते. अवजार लागत नाही. फक्त ती भरलेली असताना उचलून खोलीत न्यायची सोय त्यात नाही. ना धरायला मूठ, ना खाली ठेवायला सपाट बूड. म्हणजे ती निघते, पण चाकाचं काम करण्यासाठी निघते, मुक्कामासाठी नाही. तुमच्या गाडीसाठी ज्या ‘कायमच्या’ बॅगा बघताय त्या अशा आहेत की खरंच चार नट पान्ह्याने सोडल्याशिवाय हलत नाहीत, हे आधी विचारा. या दोन्हींत फार फरक आहे.

कंपन्यांनीही या प्रश्नाचं एकच उत्तर दिलेलं नाही. होंडाची गोल्ड विंग १९८० मध्ये जीएल ११०० इंटरस्टेट या रूपात कारखान्यातूनच फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) आणि बॅगा घेऊन आली. १९८८ च्या जीएल १५०० पर्यंत त्या बॅगा गाडीच्या अंगाचाच भाग झाल्या होत्या. बीएमडब्ल्यूच्या के १६०० जीटीच्या बॅगा काढता येतात, आणि तेच सहा सिलिंडरचं इंजिन असलेल्या के १६०० बी या गाडीवर त्या पक्क्या बसवलेल्या आहेत. इंजिन एकच, पण गिऱ्हाईक वेगळं.

आता वजन. हे कागद-पेन घेऊन कराच. मॅन्युअलमध्ये गाडीचं कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून टाकी भरलेल्या गाडीचं वजन वजा करा. समजा १८० किलो उरले. चालवणारा जॅकेट-हेल्मेटसकट ८५, मागचा माणूस ६५. राहिले ३०. दोन डबे १० आणि रॅक ५ धरले तर सामानाला उरले १५. दोन बॅगा आणि टॉप बॉक्स (सीटमागचा डबा) ठासून भरल्यावर लोक या आकड्याच्या दुप्पट जातात आणि मग गाडी मागून डुलते म्हणून माझ्याकडे येतात. बॅगेची स्वतःची मर्यादा वेगळी असते. गिवी ही बॅगा बनवणारी कंपनी आपल्या मोनोकी प्रकारच्या बॅगांना प्रत्येकी १० किलो भार आणि ताशी १२० किलोमीटर वेग अशी मर्यादा सांगते. ते आकडे उगाच छापलेले नाहीत. मागच्या चाकाच्या आसामागे, उंचावर आणि रुंदीला भार गेला की वेग वाढल्यावर गाडीचं मागचं अंग सापासारखं वळवळू लागतं. जड वस्तू नेहमी तळाशी आणि पुढच्या बाजूला, म्हणजे स्वाराच्या जवळ. दोन्ही बॅगांचं वजन सारखं. आणि मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) आणि टायरची हवा भारानुसार वाढवलेली.

मागची_सीट

अजून कुणी मागे बसणाऱ्याबद्दल बोललं नाही, म्हणून मी बोलते. मी बहुतेक वेळा मागेच बसते.

बॅग निवडण्याआधी मागे बसणाऱ्या माणसाला गाडीवर बसवा, फूटरेस्टवर पाय ठेवू द्या आणि बॅगेचा पुढचा कोपरा टाचेला लागतो का ते बघा. आमच्या आधीच्या गाडीवर उजवी टाच सतत डब्याला लागायची, म्हणून मी पाय थोडे पुढे आणि बोटांवर ठेवायचे. दोन तासांनी पोटऱ्या भरून यायच्या. चढता-उतरतानाही तसंच. रुंद डब्यावरून पाय टाकण्यासाठी फूटरेस्टवर उभं राहून चढावं लागतं, आणि तेव्हा चालवणाऱ्याने गाडी घट्ट धरलेली हवी.

दुसरं, खोलीत सामान नेण्याबद्दल. बॅगेच्या आतल्या आकाराची कापडी पिशवी मिळते, लायनर म्हणतात. आमच्या बॅगा आता पक्क्या आहेत. पोचलो की झाकण उघडायचं, दोन्ही लायनर पट्ट्याने खांद्याला लावायचे आणि चालू पडायचं. चिखलाने माखलेली बॅग गाडीवरच राहते. काढता येणाऱ्या बॅगा असताना तोच चिखल आम्ही खोलीतल्या फरशीवर नेऊन ठेवायचो.

संथ_गियर

लायनरला माझ्याकडून +१. शिवाय एक लायनर कपड्यांचा आणि एक बाकी गोष्टींचा ठेवला की अंधारातसुद्धा हात बरोबर जागी जातो.

पावसाळी_चाक

पाण्याचं बघा. वरून उघडणारी बॅग आणि बाजूने सुटकेसप्रमाणे उघडणारी बॅग यांत माझ्या मते कायमची-सुटी यापेक्षाही मोठा फरक आहे. बाजूने उघडणाऱ्या बॅगेची फट उभी असते आणि मागच्या चाकाचा फवारा थेट त्या फटीवर येतो. शिवाय भरलेली बॅग गाडीवर असताना उघडली की सामान पायावर. वरून उघडणाऱ्या बॅगेत झाकणाची कड पागोळीसारखी पाणी बाहेर टाकते. रबरी सील वर्षातून एकदा ओल्या फडक्याने पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. सील सुकून चपटं झालं असेल तर कागदाची पट्टी झाकणात अडकवून ओढून बघा. जिथून सहज सुटते तिथून पाणी शिरणार.

लांबचा_पल्ला

सगळ्यांचे मनापासून आभार. वजनाचं गणित काल रात्री केलं. सामानाला माझ्या हिशेबात १९ किलो उरतात, आणि गेल्या प्रवासात २५ च्या वर होते. हे कधी मोजलंच नव्हतं.

@चाकोरीबाहेर, काढता येणाऱ्या बॅगा कधी रस्त्यात सुटल्यात का हो? ही भीती मनातून जात नाही.

चाकोरीबाहेर

एकदा सुटली आहे. नीट सांगतो, कारण दोष माझाच होता आणि तो टाळता येतो.

कच्च्या रस्त्याने दिवसभर आलो होतो. रात्री बॅगा काढल्या आणि रॅक तसाच धुळीत राहिला. सकाळी घाईत डावी बॅग लावली, किल्ली फिरली, काढूनही घेतली. साधारण ४० किलोमीटरवर एका गतिरोधकावर मागून धाड असा आवाज झाला. आरशात पाहिलं तर डबा रस्त्यावर घरंगळत होता. नशिबाने मागे कोणी नव्हतं. परत जाऊन रॅकची खाच बघितली, तर तिच्या तळाशी सुकलेल्या मातीचा गोळीएवढा खडा बसलेला. जीभ अर्धीच आत गेली होती, पण किल्ली फिरण्याइतकी गेली होती. जीभ पूर्ण बसते तेव्हा कोरडा, धातूचा ‘टक्’ ऐकू येतो. त्या दिवशी आवाज ‘टप्’ असा दबका आला होता आणि मी तो कानाआड केला.

तेव्हापासून लावण्याआधी खाचेत बोट फिरवतो, जुन्या टूथब्रशने माती झाडतो, आणि किल्ली काढल्यावर बॅग दोन्ही हातांनी वर व बाहेर जोरात ओढून बघतो. शिवाय बॅगेच्या मुठीतून रॅकच्या पाइपाला एक पट्टा. इतकी वर्षं झाली, पुन्हा काही झालं नाही.

ग्रीसचे_हात

अगदी बरोबर सांगितलंत. सुट्या बॅगांचं दुसरं दुखणं म्हणजे झीज. जीभ आणि खाच रोज घासतात, रबरी टेकू दबून पातळ होतात आणि बॅगेला खेळ येतो. सुरुवातीला नुसता खडखडाट होतो. त्याकडे दुर्लक्ष केलं तर तोच खेळ हातोडीसारखा काम करतो आणि पाठीच्या प्लास्टिकला तडे जातात. हाताने हलवून बघा, बॅग रॅकवर २-३ मिलिमीटर लुडबुडली की टेकू बदला. वस्तू किरकोळ आहे.

गाडी पडली तर काय, हेही विचारात घ्या. सुटी बॅग आपटली की बहुतेकदा तिचा हूक किंवा टेकू तुटतो आणि ती निखळते. पक्क्या बॅगेचा धक्का मात्र ब्रॅकेटमधून थेट मागच्या सबफ्रेमला, म्हणजे सीटखालच्या सांगाड्याला जातो. सबफ्रेम वाकली की सीट, मडगार्ड, सगळंच तिरकं.

चाकोरीबाहेर

आणि कच्च्या रस्त्यावर चालवणार असाल तर कडक बॅगांचा मूळ विचारच पुन्हा करा. तोल जाऊन पाय टेकवला की गाडी पुढे सरकते, पाय मागे राहतो आणि डब्याच्या तळाखाली सापडतो. घोटा मोडायला तेवढं पुरतं. त्यासाठी मी आता कच्च्याला मऊ बॅगा आणि डांबरीला कडक असं करतो. हे सुट्या प्रकारामुळेच जमतं, कारण रॅक तोच राहतो.

मागची_सीट

@लांबचा_पल्ला, तुम्ही तर डांबरी रस्त्यानेच जाता ना? मग हा मुद्दा तुम्हाला तितका लागू नाही. पण रुंदी मोजा. हँडल जिथून जातं तिथून बॅगाही जातील हा भ्रम असतो. चालवणाऱ्याच्या डोळ्यासमोर हँडल असतं, बॅगा नसतात.

ग्रीसचे_हात

रुंदीवरून आठवलं. सुट्या बॅगा सहसा जास्त बाहेर येतात, कारण मध्ये रॅकचा पाइप आणि कुलपाची जाडी असते. सायलेन्सर एकाच बाजूला असेल तर त्या बाजूचा डबा आणखी बाहेर जातो. मग एकतर तो आतून कापलेला घ्यायचा, किंवा दुसरा डबाही तेवढाच बाहेर बसवायचा. गाडीसाठीच साचा करून बनवलेली पक्की बॅग शॉक आणि सायलेन्सरला वळसा घालून आत चिकटून बसते. म्हणजे बॅगा लावलेल्या असताना पक्की गाडी अरुंद, आणि बॅगा काढल्यावर सुटी गाडी अरुंद. आता या दोन्हींपैकी कुठल्या स्थितीत तुम्ही जास्त दिवस असता, तेवढंच मोजायचं.

माझं ऐका, महिनाभर टाकीवर चिकटपट्टी लावा. आत्ता बॅग काढाविशी वाटली असती, असं ज्या ज्या वेळी वाटेल त्या वेळी एक रेघ मारा आणि कारण लिहा. माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हेच सांगतो. बरेच जण पहिल्या महिन्यात हौसेने बॅगा काढतात. नंतर त्या गाडीवरच राहतात, आणि पैसे गेलेले असतात न वापरलेल्या कुलपांत.

चाकोरीबाहेर

बरेच जण, सगळे नाही. मी आठवड्यातून दोनदा काढतो.

ग्रीसचे_हात

मान्य. तुमच्या रेघाच तुमच्या बाजूने बोलतील.

लांबचा_पल्ला

बरोबर पाच आठवड्यांनी लिहिते आहे. चिकटपट्टी खरंच लावली होती.

एकूण १४ रेघा. त्यातल्या ९ ठिकाणी कारण एकच, ‘सामान आत न्यायचं’. तीन वेळा गाडी धुताना आणि चेनला तेल देताना. फक्त दोन वेळा जागा अरुंद होती म्हणून. म्हणजे नऊ रेघा लायनरने पुसल्या जातात. धुण्याच्या तीन रेघांना बॅग पाच मिनिटांत निघाली म्हणजे झालं, हातात धरून मिरवायची गरज नाही. म्हणून पक्क्या बॅगा घेतल्या, पण बोल्ट आतून सुटणाऱ्या. झाकणाला कुलूप लावलं की बोल्टपर्यंत बाहेरून हात पोचत नाही, हा फायदा आधी लक्षातच आला नव्हता.

बसवताना जे केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. ब्रॅकेट आधी सैल बसवले, बॅगा अडकवल्या आणि मागे दोन जणांना बसवून गाडी दाबली. शॉक पूर्ण दबल्यावर डाव्या बॅगेचा आतला कोपरा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासतोय असं दिसलं. उभ्या गाडीवर तिथे दोन बोटं मावत होती! वॉशर घालून ब्रॅकेट बाहेर घेतला. सायलेन्सरच्या बाजूला चार बोटांचं अंतर ठेवलं आणि बॅगेच्या तळाला उष्णता अडवणारा पत्रा. मागे दहा पावलं जाऊन इंडिकेटर पाहिले, तर बाजूने बघताना अर्धे झाकले जात होते. ते नंबरप्लेटच्या ब्रॅकेटवर हलवले.

एकच शंका. बोल्टांना थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारं द्रव्य) लावू का?

ग्रीसचे_हात

फ्रेमच्या लोखंडात जाणाऱ्या बोल्टांना निळं लावा, लॉकटाइट २४३ किंवा त्याच ताकदीचं. लाल नको, सोडवताना गरम करावं लागतं. पण प्लास्टिकच्या बॅगेतून जाणाऱ्या बोल्टांना अजिबात नको. ते द्रव्य काही प्लास्टिकना लागलं की भोकाभोवती बारीक तडे जातात आणि लोक बॅगेच्या कंपनीला दोष देतात. तिथे नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) नट आणि आतून मोठे वॉशर, किंवा दोन्ही भोकांना मिळून एक पट्टी. बाहेरच्या बाजूने रबरी वॉशर, म्हणजे पाणी शिरणार नाही.

आणि पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळ्या बोल्टांना एकदा पान्हा लावा. रंगाचे थर आणि रबर दबून बसतात, त्यामुळे पहिली ढिलाई तेव्हाच येते. घट्ट केल्यावर नटावर आणि ब्रॅकेटवर मिळून पांढऱ्या पेनने एक रेघ ओढा. पुढे रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे लांबूनच कळतं.

पावसाळी_चाक

दोन्ही बॅगांना आणि इग्निशनला एकच किल्ली आहे का? नसेल तर कुलपांवरचा किल्लीचा नंबर आत्ताच लिहून ठेवा, दुसरी किल्ली करून घेताना लागेल.

लांबचा_पल्ला

इग्निशनची वेगळी, पण दोन्ही बॅगांना एकच आहे. नंबर लिहून ठेवला.

काल ४८० किलोमीटर झाले म्हणून पान्हा लावला. डावीकडचा खालचा नट पाव फेऱ्याहून थोडा कमी फिरला, बाकीचे जागचे हलले नाहीत. सगळ्यांवर पांढरी रेघ ओढली आहे. मागे बसणारी म्हणते, टाच लागत नाही.